वसाहतींआधी हे लोक ‘राष्ट्र’ होते का? एकेका समाजाबद्दल हे कसं तपासावं

‘युरोपीय येण्याआधी मूळ रहिवाशांची राष्ट्रं होती का?’ हा प्रश्न असा घाऊक विचारला की उत्तरंही घाऊकच येतात. एक जण म्हणतो, नुसत्या टोळ्या होत्या. दुसरा म्हणतो, सगळीच राष्ट्रं होती. दोघांनाही काही सिद्ध करावं लागत नाही. त्याऐवजी एक समाज, एक तारीख आणि आधीच ठरवलेल्या कसोट्या घ्या, म्हणजे प्रश्न बऱ्यापैकी सुटतो.

आधी तारीख पक्की करा

‘वसाहतीआधी’ म्हणजे पहिलं गोरं जहाज दिसण्याआधी, की परकी सत्ता खरोखर बसण्याआधी? या दोहोंत शंभरेक वर्षांचं अंतर सहज असू शकतं. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर ब्रिटिश दर्यावर्दी कुक १७७८ मध्ये पोहोचला. तेव्हा तिथे वेगवेगळ्या सरदारांची परस्परांशी लढणारी राज्यं होती. त्यांपैकीच कामेहामेहा या सरदाराने १८१० पर्यंत सगळी बेटं एका सत्तेखाली आणली, तीही युरोपीय बंदुकांच्या मदतीने. १८४३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने हवाईचं स्वातंत्र्य मान्य केलं, १८९३ मध्ये राणीला पदच्युत केलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. पहिली तारीख धरली तर एकसंध हवाई राष्ट्र सापडत नाही. शेवटची धरली तर ते निर्विवाद आहे. कोणती तारीख धरली हे उत्तरात लिहायचंच, नाहीतर समोरचा दुसरी तारीख धरून तुम्हाला खोटं पाडेल.

मग नेमकं कोणाबद्दल बोलताय ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांबद्दलचा ‘माओरी राष्ट्र होतं का?’ हा प्रश्न १८०० सालासाठी चुकीच्या पातळीवरचा आहे. तेव्हा जमीन, युद्ध आणि तह यांचे निर्णय बहुतांशी हापू या नातेगटाच्या पातळीवर होत. अनेक हापू मिळून इवी. १८४० मध्ये ब्रिटनशी झालेल्या वाइतांगी करारावर वाइकातो भागातल्या काही सरदारांनी सह्या केल्या, पण तिथल्याच ते व्हेरोव्हेरो या बड्या सरदाराने केली नाही, आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. पुढे १८५८ मध्ये तोच पहिला माओरी राजा झाला. तेव्हा एकत्र येण्याची गरज गोऱ्या वसाहतवाल्यांकडे जमिनी जाऊ लागल्यामुळे निर्माण झाली होती.

मेक्सिकोतही हेच. ‘अझ्टेक साम्राज्य’ हे एकक धरलं तर १५१९ मध्ये त्लाश्काला या नगरप्रदेशाने स्पॅनिश आक्रमक कोर्तेसला दिलेली साथ फितुरी वाटते. पण तिथल्या नाहुआ लोकांसाठी (अझ्टेक त्यांच्यातलेच) खरं एकक होतं ‘अल्तेपेत्ल’: स्वतःचा शासक, देवालय, जमीन आणि इतिहास असलेला नगरप्रदेश. त्लाश्काला हा अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानचा जुना वैरी होता आणि आपलं हित पाहून वागला. फितुरी कुठे दिसते आणि परराष्ट्र धोरण कुठे, यावरून एकक बरोबर धरलंय का ते कळतं.

कसोट्या

लोक १९३३ च्या मोंटेव्हिडिओ कराराच्या चार अटी लावतात: कायम लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, शासन, बाहेरच्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. अटी उपयोगी आहेत, पण त्या राज्यसंस्थेच्या आहेत. राष्ट्र तपासताना दोन प्रश्न जोडा: हे लोक स्वतःला एक मानत होते का, आणि नियम मोडणाऱ्याचं काय होत असे?

उत्तर अमेरिकेतल्या होडेनोशोनी म्हणजे इरोक्वॉय संघावर हे लावून पाहा. मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कायुगा आणि सेनेका असे पाच घटक. सहावे टस्करोरा अठराव्या शतकात आले. महासभेत सरदारकीची ५० पदं: मोहॉक ९, ओनायडा ९, ऑनोंडागा १४, कायुगा १०, सेनेका ८. आकडे विषम असूनही कुणाची तक्रार नसे, कारण मतं मोजली जातच नव्हती. सगळ्यांची संमती लागे. मोहॉक आणि सेनेका आधी चर्चा करत, मग ओनायडा आणि कायुगा, शेवटी ऑनोंडागा शिक्कामोर्तब करत. सरदार निवडायचा अधिकार कुळातल्या ज्येष्ठ स्त्रियांकडे. तो बहकला तर आधी ताकीद, तरी न ऐकल्यास पदाची खूण असलेली हरणाची शिंगं काढून घेतली जात. शासन, सदस्यत्व, पदच्युती असं सगळं यात आहे. स्थापनेच्या काळाबद्दल मात्र अभ्यासकांत बाराव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत मतं आहेत, तेव्हा एकच साल ठोकून देऊ नका.

मध्यवर्ती सत्ता नसेल तर लगेच ‘नाही’ लिहू नका. चिलीतल्या मापुचेंना राजा नव्हता, राजधानी नव्हती. लोंको हे स्थानिक प्रमुख आणि युद्धापुरते निवडलेले तोकी. जिंकून घ्यायला केंद्रच नसल्याने स्पेनची पंचाईत झाली. १६४१ मध्ये किलिन इथे झालेल्या वाटाघाटींत स्पेनने बिओबिओ नदी सीमा मानली आणि मापुचे प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वतंत्र राहिला. पेरूतल्या इंका साम्राज्याची इतकी बळकट मध्यवर्ती सत्ता त्या मानाने लवकर कोसळली.

पुरावा तपासताना

तह हा सोपा पुरावा, म्हणूनच फसवा. तह झाला याचा अर्थ समोरच्याने तुम्हाला करार करण्याजोगा पक्ष मानलं. तह झाला नाही यावरून काहीच ठरत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांनी तहच केले नाहीत आणि जमीन बेवारस असल्यासारखे वागले. तो समज तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळला. त्याआधी १९७१ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या योलंगू लोकांच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्यांची कायद्याची व्यवस्था आहे हे मान्य करूनही जमिनीचा हक्क नाकारला होता. याच योलंगूंचा आजच्या इंडोनेशियातल्या मकासारहून समुद्रकाकडी हा सागरी जीव गोळा करायला येणाऱ्या खलाशांशी व्यापार ब्रिटिश वस्तीच्या आधीपासून चालू होता. बाहेरच्यांशी संबंध ठेवण्याची अट तपासताना असे संबंध हमखास नजरेतून सुटतात, कारण आपण फक्त युरोपीय कागद चाळतो.

मौखिक परंपरा बाजूला सारू नका, पण पारखून घ्या. कॅनडातल्या गिट्क्सन आणि वेट्सुवेटेन लोकांनी जमिनीवरचा हक्क दाखवायला न्यायालयात घराण्यांचे इतिहास आणि गाणी मांडली. एक सरदारीण गाऊ लागल्यावर न्यायाधीश म्हणाले की आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, गाऊन उपयोग नाही. १९९१ च्या निकालात तो पुरावा जवळपास निकालात निघाला. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीने जागा द्यायला हवी. पारखायचं ते असं: तोच इतिहास वेगवेगळी घराणी स्वतंत्रपणे सांगतात का, आणि त्यातली ठिकाणं जमिनीवर सापडतात का.

वस्तूंबाबतही सावध राहा. इरोक्वॉयांचे शिंपल्यांच्या मण्यांचे वाम्पम पट्टे संघाची साक्ष म्हणून दाखवतात. पण असे बारीक, एकसारखे मणी धातूची हत्यारं आल्यावर मोठ्या प्रमाणावर बनू लागले. पट्ट्यावरचा संघ जुना असेल, पट्टा तितका जुना असेलच असं नाही.

भाषांचे रंगीत नकाशेही जपून वापरा. ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा होत्या, पण भाषेची हद्द म्हणजे सत्तेची हद्द नव्हे. नकाशावरची ठसठशीत रेघ प्रत्यक्षात बहुधा सामायिक वापराचा पट्टा असे.

आणि एक उलटतपासणी कराच: याच कसोट्या त्याच तारखेच्या युरोपला लावा. इटली १८६१ मध्ये एक झाला, जर्मनी १८७१ मध्ये. तिथे नापास होणारी अट इकडे अडसर म्हणून वापरता येणार नाही.

उत्तर लिहिताना

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहू नका. असं वाक्य चालेल: ‘१६०० च्या सुमारास होडेनोशोनींचे पाच घटक आपापली ओळख राखून एका महासभेखाली बांधलेले होते, सदस्यत्व, निर्णयपद्धती आणि पदच्युतीचे नियम ठरलेले होते, मध्यवर्ती सक्ती मात्र कमकुवत होती.’ यावर कुणाला वाद घालायचा तर नेमक्या एका कलमावर घालता येतो.

आजच्या हक्कांचा निवाडा मात्र या उत्तरावर टांगू नका. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. विरोधातले चार म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. चौघांनीही पुढे भूमिका बदलली. त्यात स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, आणि तो मिळवण्यासाठी पूर्वी राष्ट्र असल्याचा दाखला मागितलेला नाही.