बायोसमध्ये चालतो, डेबियनमध्ये मेला: जुन्या कीबोर्डचा माझा अनुभव

बीसीएसच्या सेकंड इयरला असताना काकांच्या ऑफिसातला भंगारात चाललेला डेस्कटॉप घरी उचलून आणला, सोबत जांभळ्या पिनेचा कीबोर्ड, हिरव्या पिनेचा माऊस, आणि म्हटलं यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून लिनक्स शिकायचं. बूट मेनूपर्यंत सगळं झकास, बाणाची बटणं चालतायत, एंटर चालतंय, आणि भाषा निवडायची स्क्रीन आली की कीबोर्ड ठार. कॅप्स लॉकचा दिवापण लागेना. दोन दिवस मी नुसता पेनड्राइव्ह परत परत बनवत बसलो, कारण बायोसमध्ये (मशीन चालू होताच मदरबोर्डवरून चालणारा प्रोग्रॅम) चालतोय म्हंजे कीबोर्ड चांगलाय, मग पेनड्राइव्हवर टाकलेली डेबियनची आयएसओ फाइलच खराब असणार ना!

इथंच गंडलो. मेनूपर्यंत कीबोर्ड बायोस सांभाळतं, पुढे लिनक्सचा कर्नल, म्हंजे सिस्टीमचा गाभा, स्वतःचा ड्रायव्हर लावतो. हे गोल सहा पिनांचे पीएस/२ पोर्ट आयबीएमने १९८७ मध्ये आणले, आणि कर्नलमध्ये ते बघणारा ड्रायव्हर म्हंजे आय८०४२, चिपच्या नंबरवरून पडलेलं नाव. पोर्ट आहे की नाही हे तो आधी मदरबोर्डच्या फर्मवेअरला (म्हंजे बायोसलाच) विचारतो, आणि तिथं चुकीची माहिती भरलेली असली की गाडी अडते.

उपाय लॅबमधल्या सरांनी सांगितला. मेनूत इन्स्टॉलवर येऊन टॅब दाबायचं (बायोसच्या जागी नवं यूईएफआय असलेलं मशीन असेल तर टॅबऐवजी ई), एक लांबलचक ओळ दिसते, तिच्यात तीन डॅश असतात, त्यांच्या पुढे टाइप करायचं आय८०४२ डॉट नोपीएनपी, सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आकडे पण इंग्रजी, मध्ये स्पेस नाही. म्हंजे फर्मवेअरला विचारू नको, थेट पोर्ट तपास. लागला कीबोर्ड! आणि डॅशच्या पुढेच का, तर तिथं लिहिलेलं डेबियन इन्स्टॉल झालेल्या सिस्टीमच्या ग्रबमध्ये (सिस्टीम बूट करणारा प्रोग्रॅम) पण उतरवून ठेवतं, नाहीतर रीबूट केल्यावर परत तेच रडगाणं. नोपीएनपीने नाही झालं तर त्याच जागी रिसेट टाकून बघा. तेही नाही झालं तर मित्राचा यूएसबी कीबोर्ड आणा, इन्स्टॉल उरका, मग डीमेसेग या कमांडच्या (कर्नलचे मेसेज दाखवते) आउटपुटमध्ये आय८०४२ शोधा, कुठे अडलंय ते तिथं कळतं.

माऊसची भानगड वेगळीच. तो मी जुन्या केव्हीएम स्विचमधून जोडला होता (दोन मशीनना एकच मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वाटून देणारा डबा; एकच मॉनिटर, काय करणार), तर पॉइंटर वेड्यासारखा कोपऱ्यात उड्या मारायचा. स्क्रोलचा माऊस चार बाइटचं पॅकेट पाठवतो आणि साधा माऊस तीनचं, मधल्या डब्याने ही बोलणी बिघडवली की कर्नलचा हिशेब चुकतो. म्हणून बूटच्या त्याच ओळीत पीएसमाऊस डॉट प्रोटो इक्वल टू बेअर लिहिलं. स्क्रोल गेला, पण पॉइंटर सरळ चालायला लागला.

आणि हो, पीएस/२ ची पिन मशीन चालू असताना काढू-घालू नका, ते यूएसबी नाहीये. यूएसबी माऊस पीएस/२ मध्ये लावायला बाजारात मिळणारा छोटा हिरवा अडॅप्टर पण आधी विचारून घ्या, त्यात चिप नसते, फक्त तारा जोडलेल्या असतात, त्यामुळे माऊसला यूएसबी आणि पीएस/२ दोन्ही भाषा येत असतील तरच चालतो. माझे ऐंशी रुपये गेले त्यात.