माळ्यावरचा जुना रोल घरी धुताना

कॅमेऱ्यातला जुना फिल्म रोल सापडला की आधी त्यावरचं नाव वाचा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतून माझ्याकडे येणारे रोल बहुतेक ओर्वोचे एनपी २२ नाहीतर उटीचे इंदू असतात. १२० नंबरचे (पाठीला कागद असलेले रुंद), आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात भरलेले. हे ब्लॅक अँड व्हाइट, बिनधास्त घरी धुवा, म्हणजे रसायनात बुडवून चित्र उठवा. कोडॅक, कोनिकाचा रंगीत रोल पंचवीस वर्षं पडून असेल तर तोही ब्लॅक अँड व्हाइट रसायनातच धुवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग मिळतील याचा भरवसा नसतो, पण चांदी शिल्लक असते आणि माणसांचे चेहरे तिच्यातच असतात.

लाल बल्ब लावू नका. स्टुडिओतला लाल दिवा कागदासाठी होता. ही फिल्म लाल उजेडातही काळी पडते. रात्री न्हाणीघराचं दार लावून खालच्या फटीत गोधडी कोंबा आणि पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावर कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर तीही बुजवा.

खरी कसोटी अंधारात फिल्म टँकच्या (उजेड न शिरणाऱ्या डब्याच्या) रिळावर चढवताना लागते. इतकी वर्षं गुंडाळलेली फिल्म हात सुटला की स्प्रिंगसारखी परत वळते. पाठचा कागद सोडवून ती हलक्या हाताने उलट गुंडाळून थोडा वेळ धरा, मग चढवा. अडली तर रेटू नका, ती चिरते. प्लॅस्टिकच्या रिळाला जरा जरी ओल असली तरी फिल्म तिथेच चिकटते.

दमट हवेनं आणि उन्हाळ्यांनी फिल्मवर धुकं, म्हणजे सगळीकडे पसरलेला करडेपणा, चढलेलं असतं. डेव्हलपरमध्ये (चित्र उठवणाऱ्या रसायनात) जास्त वेळ ठेवलं की चित्राबरोबर ते धुकंही वाढतं, म्हणून वेळ दुप्पट करण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. धुकं कमी उठवणारा एचसी-११० डेव्हलपर घ्या, एका भागाला ३१ भाग पाणी. २० अंशांना माझी सुरुवात ७ मिनिटांची. पहिलं अर्धं मिनिट टँक सतत उलटसुलट, मग दर मिनिटाला दहा सेकंद. एकाच ट्रंकेतून दोन-तीन रोल निघाले असतील तर कमी मोलाचा आधी धुवा आणि पुढचा वेळ त्यावरून ठरवा. ३५ एमएमचा एकच रोल असेल तर सुरुवातीचा वीतभर तुकडा कापून तो धुऊन बघा. एखादा फोटो जाईल, बाकीचे वाचतील.

एप्रिल-मेमध्ये बेळगावात नळाचं पाणी वीस अंशांच्या बरंच वर असतं. माठातलं पाणी मिसळून उतरवा, आणि डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), धुण्याचं पाणी सगळं एकाच तापमानाला ठेवा. नाहीतर मऊ पडलेल्या थरावर जाळी उमटते. हातमोजे हवेतच आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नका.

हायपोत किती वेळ ठेवायचं ते अंदाजाने ठरवू नका. फिल्मचं टोक कापून हायपोत टाका. ते पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवा. रोज पाणी येत नसेल तरी अडत नाही, शेवटी धुताना नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरून ५ वेळा उलटवा, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. हायपोत हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसला तर एवढं पुरतं. शेवटचं पाणी मात्र गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर निघता निघत नाहीत.

खानापूरकडच्या एका रोलवर पाठच्या कागदावरचा ७ आकडा फिल्मवर उतरला होता, बरोबर तुळशीपाशी उभ्या असलेल्या आजींच्या नऊवारीच्या काठावर. हा दोष धुण्याचा नव्हे, कागदावरच्या शाईचा. तो पुसायच्या नादाला लागू नका, ओल्या फिल्मवर ओरखडा हमखास पडतो.

वाळल्यावर कागदी पाकिटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह थोडं उंच धरून मोबाईलने टिपा, रंग उलटे करा आणि घरातल्या थोरल्यांना त्याच आठवड्यात दाखवा. कोण कुणाची सून, कुठल्या गावचं घर, हे सगळं पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्या.