मॅक्झिमा क्लॅम (समुद्री शिंपल्याची एक जात) रोज खडकावरून खाली पडायचा, शेवटी असा बसला

न्यू जर्सीत आहे, ५० गॅलनचा रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय). फार्ममध्ये वाढवलेला ३ इंची मॅक्झिमा आणला (भारतात ही जात वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तिकडे नाद करू नका). रोज सकाळी बघावं तर वाळूत आडवा, मँटल (शिंपल्याबाहेर पसरणारा मांसल पडदा) अर्धवट उघडा. फटीत घट्ट बसवून झालं, जागा बदलून झाल्या, पाण्याचा फ्लो वाढवून झाला. आठ दिवस नुसता वैताग.

जमलं ते असं. आधी शिंपल्याचा तळ नीट बघितला, तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या परजीवी गोगलगायी नाहीत ना म्हणून. मग तळहाताएवढा चपटा दगड वाळूवर कमी फ्लोमध्ये ठेवून क्लॅम त्यावर उभा केला, बाजूने छोटे दगड टेकवले, लाइट ५० टक्क्यांवर आणला आणि हात लावणं पूर्ण बंद. चौथ्या दिवशी शिणाण्यांना (खडकाला चिकटणारे काळे शिंपले) असते ना, तसली धाग्यांची दाढी दगडाला चिकटलेली दिसली. मग दगडासकटच उचलून खडकावर नेला, लाइट दर आठवड्याला १० टक्के वाढवला. पाण्याची अल्कलिनिटी ८.५ dKH, कॅल्शियम ४३० ppm वर स्थिर ठेवलंय.

चिकटलेला क्लॅम कधीच ओढून काढू नका, धाग्यांबरोबर पायच फाटतो त्याचा.