जुनी नाणी-नोटा चोरीला गेल्या तर

चोराला संग्रहाची किंमत कळत नाही, तो वजन बघतो. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. मुशीत पडला की संपलं. म्हणून पोलिसांत तक्रार आणि नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात फेरी, दोन्ही त्याच दिवशी करा. दुकानदारांना फोटो द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अडकतो, हेही नम्रपणे सांगा.

तक्रारीत नुसतं ‘जुनी नाणी’ लिहू देऊ नका, बापा! अशा वर्णनावरून कोणतंच नाणं ओळखता येत नाही. माझ्या १८६२ च्या रुपयावर राणीच्या हनुवटीखाली बारीक खाच आहे, वरच्या काठाला कधीकाळी झाळून लावलेल्या कडीची खूण आहे. माळेत ओवलेला असणार. असं प्रत्येक नाण्याचं लिहून ठेवा: वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, काठाचा वेगळा. नोटांचं सोपं आहे, क्रमांक आणि गव्हर्नरची सही टिपली की झालं.

जे वितळत नाही ते महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात किंवा ऑनलाइन विक्रीला येतं. ओळखीच्या नाणे-व्यापाऱ्यांना यादी पाठवा, ऑनलाइन लिलाव चाळत राहा. दिसलं तर स्वतः सौदा करू नका. पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तपास अधिकाऱ्याला द्या.

माल सापडला तरी तो मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा असतो. न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (ताब्यात घेताना द्यायच्या हमीपत्रावर) परत मिळतो, तेव्हा खरेदीची पावती कामी येते.