केळ्यांचा सिरका

आमच्या रावेरकडे घडातून सुटलेली केळी व्यापारी घेत नाही. ती मी घरी पिकवून सिरका घालते. सालीवर काळे डाग पडेपर्यंत थांबा. कच्चट केळ्यात साखर कमी, स्टार्च जास्त.

2 किलो गर कुस्करून 2 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा. पाव किलो गूळ, चिमूटभर यीस्ट. बरणी काचेचीच, अर्धी रिकामी ठेवा, तोंडाला फडकं. फेसाबरोबर गर वर येतो. रोज लाकडी चमच्याने खाली दाबा, नाहीतर बुरशी धरते. सफरचंदाच्या सायडरसारखंच (म्हणजे आंबवलेल्या रसासारखंच) इथे साखरेचं अल्कोहोल होतं.

बुडबुडे थांबले की गाळा, न उकळलेल्या सिरक्याचं विरजण लावा. अल्कोहोलचा सिरका व्हायला आता हवा हवीच, झाकण नको. महिना-दोन महिन्यांत नाकाला झणका बसतो. वैशाखात घालू नका, 40 अंशांपुढे यीस्ट तग धरत नाही, दिवाळीनंतर घाला.