मच्छीमारी स्वेटर निवडताना: गॅन्सी, अ‍ॅरन की फेअर आइल?

ब्रिटन आणि आयर्लंडमधील दुकानांत ‘फिशरमन स्वेटर’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या परंपरांचे स्वेटर विकले जातात. म्हणून नक्षीवर भाळण्यापूर्वी तो घालून आपण काय करणार आहोत, हे ठरवावे.

वाऱ्यात उघड्यावर काम करायचे असेल, तर माझ्या मते गॅन्सीला तोड नाही. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटापासून स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत मच्छीमारांनी वापरलेला हा बहुधा गडद निळा स्वेटर घट्ट पिळाच्या पाच पदरी लोकरीचा असतो आणि बारीक सुयांवर इतका दाट विणलेला असतो की वारा सहजासहजी आत शिरत नाही. घेताना काख नीट पाहावी. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा जोड विणलेला असला, तर हात वर केला तरी स्वेटर कमरेवरून फारसा वर सरकत नाही. पारंपरिक गॅन्सीत बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात, त्यामुळे मनगटाशी झिजलेला भाग उसवून तेवढाच पुन्हा विणता येतो. शिवाय पुष्कळदा पुढची-मागची बाजू सारखीच असल्याने स्वेटर उलटा फिरवून घालता येतो आणि कोपराची झीज विभागली जाते. गॅन्सी अंगासरशीच घ्यावा, ढगळ घेऊ नये.

कोरड्या थंडीत, कोटाऐवजी वरून घालायला आयर्लंडच्या पश्चिमेकडील अ‍ॅरन बेटांचा पांढुरका स्वेटर चांगला. त्याच्या वेण्या आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी उठावदार वीण हवा धरून ठेवते, म्हणून ऊब भरपूर मिळते. मात्र तो जाड असल्यामुळे त्यावर रेनकोट चढवणे अवघड जाते. प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी होती आणि तिच्यावरून बुडालेल्या मच्छीमाराची ओळख पटत असे, या आख्यायिकेसाठी जादा पैसे मोजू नयेत, कारण ही शैलीच मुळात 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात आकाराला आली.

रंगांची हौस असेल, तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचा रंगीत नक्षीचा फेअर आइल स्वेटर आहेच. त्यात एका ओळीत साधारणतः दोनच रंग असतात आणि न विणलेला धागा मागून नेलेला असल्याने हलक्या लोकरीतही दुहेरी थर मिळतो. हे मागचे धागे सैल लोंबत असतील, तर बोटे अडकतात. म्हणून आतली बाजू उलटून पाहावी.

यांपैकी कोणताही स्वेटर धुतल्यावर दोरीवर टांगू नये, टॉवेलवर सपाट पसरूनच वाळवावा. ओला अ‍ॅरन तर स्वतःच्याच वजनाने लांबतो.