जुना लाइट मीटर घेताय? या चुका टाळा

लाइट मीटर म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारं यंत्र. काटा हलला म्हणजे मीटर चांगला, असं समजून पैसे देऊ नका. माझा पहिला मीटर मी असाच घेतला. विकणाऱ्याने नागपुरात सीताबर्डीच्या भर उन्हात काटा हलवून दाखवला आणि मी खूश झालो. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर तोच काटा जागचा हलेना. सेलेनियमच्या (उजेडावर वीज तयार करणाऱ्या पदार्थाच्या) मीटरला बॅटरी लागत नाही, म्हणून त्याचा मोह पडतो. पण कमी उजेडात तो मुळातच तोकडा असतो आणि सेलेनियम थकलं की आणखीच.

म्हणून मीटर दोन ठिकाणी तपासा. निरभ्र दुपारी मीटरवर आयएसओ (फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१२५ सेकंद ठेवा. मीटरवरची पांढरी अर्धगोल घुमटी उन्हात धरली की एफ १६ च्या (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आसपास आकडा यायला हवा. मग घरात या. मीटर आणि डिजिटल कॅमेरा एकाच साध्या भिंतीकडे रोखून रीडिंग ताडून पाहा. घुमटी तेवढी आधी बाजूला करा. उन्हातही आणि घरातही फरक सारखाच, समजा एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी), पडत असेल तर आयएसओची चकती सरकवून भागतं. फरक जागेगणिक बदलत असेल, तर मीटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सेकोनिक एल-३९८ घेणार असाल तर उन्हासाठीची सरकती पट्टी सोबत आहे का, हे आधी विचारा. ती नसेल तर आपल्या उन्हात काटा टोकाला जाऊन बसतो.

गोसेन लुनासिक्ससारख्या मीटरांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत. ते आता बनत नाहीत. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की आकडे चुकतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास चालतो, बारीक रिंग लावून बसवता येतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मात्र तो लवकर सुकतो, तेव्हा जास्तीचा जवळ ठेवा.

कॅमेऱ्यावर बसणारे स्वस्त मीटर फक्त परावर्तित, म्हणजे विषयावरून परत येणारा उजेड मोजतात. दीक्षाभूमीचा शुभ्र घुमट त्यांच्या हिशेबाने राखाडी होतो; तिथे दीड-दोन स्टॉप वाढवावे लागतात. घुमटीचा मीटर विषयाजवळ, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरला तर हा घोळ होत नाही. माझ्या मते पैसे घालायचे ते यातच घालावेत.

लग्नाचं किंवा स्टुडिओचं काम असेल तर फ्लॅश मोजणाराच मीटर घ्या. सेकोनिकचा एल-३०८ मोजतो, एल-३९८ मोजत नाही.